एक्केचाळिसाव्या किलोमीटरची मोरी

रस्ता जेवतो, याचं ऋजुता सपकाळला आता नवल राहिलं नव्हतं. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी देखभाल कक्षाचा टँकर निघायचा, रस्त्याच्या कडेला वीस-वीस मीटरवर बसवलेल्या तोट्यांना नळी लावायचा आणि रस्त्याच्या पोटात युरिया आणि कॅल्शियमचं पाणी सोडायचा. कोणत्या तुकड्यानं किती प्यायलं ते तोटीवरचा काटा सांगे. बुलढाण्याच्या डोंगरातून खाली उतरणारा हा शहाण्णव किलोमीटरचा महामार्ग देखभाल अभियंता म्हणून तिच्या ताब्यात होता, आणि त्याच्या खाण्यापिण्याची चिंता ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पथ्यासारखी करायची.

त्या सकाळी एक्केचाळिसाव्या किलोमीटरला, रस्त्याखालून नाला नेणाऱ्या मोरीपाशी टँकरवाल्या गफूरभाईंनी नळी लावली, पाच मिनिटं काट्याकडे बघितलं आणि नळी काढून गुंडाळायला घेतली.

"मॅडम, हा काही खात नाही. सहावं वर्ष हाय. पोट भरेल हाय याचं."

ऋजुता हसली. गफूरभाई हसले नाहीत. तोटीवर फडकं टाकून ते लगबगीनं टँकरकडे गेले. बाकीच्या रस्त्यावर ते प्रत्येक तोटीपाशी विडी ओढत रेंगाळायचे, इथं मात्र कधीच नाही, हे तिच्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

या रस्त्याला लोक 'जिता रस्ता' म्हणत. नाव गमतीचं असलं तरी खोटं नव्हतं. त्याच्या डांबराखालच्या काँक्रीटमध्ये आणि मोऱ्यांच्या भिंतींमध्ये मातीच्या बारीक गोळ्या मिसळलेल्या होत्या, आणि प्रत्येक गोळीत झोपी गेलेले जिवाणू. वर्षानुवर्षं ते तसेच निपचित पडून राहत. ट्रकच्या वजनानं कुठं केसाएवढी भेग पडली, त्या भेगेतून पाणी झिरपलं, की जिवाणू जागे होत. युरिया खात. त्यांच्या खाण्यातून जे बाहेर पडे त्याची कॅल्शियमशी गाठ पडली की चुनखडी तयार होई आणि भेग आतून बुजून जाई. जखमेवर खपली धरावी तसं. पोटातलं अन्न सात-आठ वर्षांत संपतं, म्हणून मग टँकर. हिशेब साधा होता. खायला घाला, रस्ता शंभर वर्षं टिकेल. डोंगर फोडून नवी खडी आणायला नको, डांबर जाळायला नको.

फक्त एक्केचाळीसच्या मोरीवरचा तुकडा या हिशेबात बसत नव्हता. एका मोठ्या खाटेएवढा असेल, जास्त नाही. त्याला काही न देता त्याच्या भेगा बाकी रस्त्याच्या तिप्पट वेगानं बुजत. रस्त्यात पुरलेली काचतंतूची तार दर तासाला तपमान कळवायची. तिच्या नकाशात तो तुकडा पहाटेच्या गारठ्यातही अर्धा अंश ऊन दिसायचा. पाऊस थांबला की आधी तो वाळायचा. हिवाळ्यात सगळ्या रस्त्यावर दव पडे, त्या खाटेएवढ्या जागेवर पडत नसे. गुराख्यांची कुत्री तिथं येऊन अंग टाकत आणि ट्रकचा भोंगा वाजला तरी लवकर उठत नसत.

ऋजुताला त्याचं कौतुक वाटायचं. त्याला आणखी एक कारण होतं. हा भाग तिच्या वडिलांनी बांधला होता. प्रल्हादराव सपकाळ तेव्हा कंत्राटदार कंपनीचे साइट इंजिनिअर होते. बारा वर्षांपूर्वी, म्हणजे २०३५ साली, अडतीस ते शेहेचाळीस किलोमीटरचं काम त्यांच्या देखरेखीखाली झालं. ऋजुता तेव्हा पुण्यात शिकत होती, आणि मैत्रिणींना वडिलांचे फोटो दाखवायची: डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, मागं अर्धा कापलेला डोंगर.

आता त्या तुकड्याची कीर्ती वरपर्यंत गेली होती. न जेवता स्वतःला सांधणारा रस्ता! अकरा नव्या महामार्गांवर 'एक्केचाळीसचा नमुना' वापरायचं घाटत होतं. तज्ज्ञांची समिती पाहणीला येणार होती. मुख्य अभियंता कुलथे रोज फोन करत. "सपकाळ, त्या मिश्रणात वेगळं काय पडलं ते शोधा. आणि हो, तुमच्या वडिलांना घेऊन या. शाल-श्रीफळ देऊ."

तिनं घरी सांगितलं तेव्हा अप्पा ताटात तूर निवडत बसले होते.

"मी नाही येणार," ते म्हणाले.

"अहो अप्पा, तुमचा सत्कार आहे!"

"गुडघे दुखतात."

गुडघे दुखत होते हे खरं. पण खाली मलकापूरला आत्याकडे जायचं असलं की अप्पा जुन्या घाटानंच न्यायला लावायचे, सोळा वळणं आणि दीड तास जास्त, हेही खरं होतं. प्रत्येक वेळी ती त्या वळणांवर ओकायची आणि अप्पा म्हणायचे, जुना रस्ता बघायला बरा वाटतो.

*

समितीसाठी तिनं रस्त्याला दोन ठिकाणी भोकं पाडून दंडगोल काढले, एक एक्केचाळीसचा आणि तुलनेला एक पन्नासाव्या किलोमीटरचा. पन्नासच्या दंडगोलात चुन्याच्या चार-दोन रेषा होत्या. एक्केचाळीसचा खालून वर पांढऱ्या शिरांनी भरून गेला होता, हाताच्या पाठीवर नसा दिसाव्यात तसा. मजुरानं तो हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. का ठेवलास विचारलं तर म्हणाला, "उगंच."

नवव्या दिवशी नागपूरच्या प्रयोगशाळेतून डॉ. रेवती नाफडेंचा फोन आला. बाई मोजकं बोलणाऱ्या.

"मॅडम, रस्ता होण्याआधी त्या जागी स्मशान होतं का? किंवा कत्तलखाना?"

"नाही. नुसता डोंगर होता आणि एक नाला. का?"

"तुम्ही जे खायला घालता त्यातून निव्वळ चुनखडी व्हायला हवी. पन्नासच्या नमुन्यात तशी आहे. एक्केचाळीसमध्ये फॉस्फरस सापडला. भरपूर. असा फॉस्फरस हाडांत असतो. आणि जिवाणूंनी जो नत्र खाल्लाय तोही टँकरच्या युरियातला नाही. मांस खाणाऱ्या किंवा मिश्र आहार घेणाऱ्या शरीरातला आहे."

"रानडुक्कर अडकलं असेल मोरीत."

"मलाही तेच वाटलं. म्हणून चुन्यात अडकलेले प्रथिनांचे तुकडे तपासले. चुना फार चांगलं जपतो हे असं." पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. "डुक्कर नाही. मी दोनदा तपासलं. माणूस आहे."

ऋजुतानं फोन ठेवला, गाडी काढली आणि एक्केचाळीसला आली. भर दुपार होती. तुकडा बाकीच्या रस्त्यासारखाच काळा, गुळगुळीत, त्याहून थोडा चांगलाच. इतकी वर्षं ती त्याच्यावर उभी राहून पाहुण्यांना माहिती सांगत आली होती. आज तिला पाय ठेववेना. कडेकडेनं ती उताराला लागली आणि मोरीच्या तोंडाशी गेली. नकाशात मोरीला दोन खण होते. डाव्या खणातून नाल्याचं पाणी जात होतं. उजवा खण नव्हताच. तिथं काँक्रीटची सपाट भिंत होती, तिच्यावर शेवाळ आणि शेवाळातून झिरपलेली पांढरी धार.

तिनं गफूरभाईंना गाठलं तेव्हा ते डेपोत टँकर धूत होते. ते बांधकामाच्या काळातही इथंच पाण्याच्या टँकरवर होते.

"गफूरभाई, कामाच्या वेळेस एक्केचाळीसला कुणी गेलं होतं का?"

"गेलं म्हंजे?"

"मेलं."

गफूरभाईंनी नळ बंद केला. "मेलं नाही कोनी. पळालं होतं एक जन. मेरसिंग राठोड, तांड्यावरचा. चांगला गडी होता. कंपनीनं सांगलं, बाई घेऊन सुरतले पळाला. आमी बी मंग तेच म्हनत गेलो."

"तुम्हाला खरं वाटलं?"

त्यांनी ओल्या हातानं तोंड पुसलं. "त्याचा डबा तिथंच होता, मॅडम. पळून जानारा मानूस डबा ठेवून जाते का? पन आपन कोन?" मग हळूच म्हणाले, "तुमी वळखता त्याच्या बायकोले. झमकूबाई."

झमकूबाईला ती ओळखत होती. महामार्गाच्या कडेची झाडं जगवायला बायकांची टोळी होती, तिची ती मुकादम. वय पन्नाशीच्या आत, आवाज खणखणीत. सहा वर्षांत ऋजुतानं तीनदा तिची बदली वरच्या टप्प्यावर करायचा प्रयत्न केला होता, कारण वर झाडं जास्त होती. तिन्ही वेळा झमकूबाई ऑफिसात येऊन भांडली होती.

त्या दिवशी ती करंजाच्या आळ्यात पाणी सोडत होती. ऋजुता तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. कसं विचारावं ते कळेना.

"झमकूबाई, तुम्ही हाच टप्पा का धरून बसता?"

"काहून? झाडं मेली का माही?"

"तसं नाही. सहज विचारलं."

झमकूबाईनं पाइप दुसऱ्या आळ्यात टाकला. "माह्या मालकाचं शेवटचं काम इथंच होतं, बाई. लोक म्हनतात पळाला. पळू दे. कवा ना कवा परतून येईन, तं याच रस्त्यानं येईन ना? दुसरा रस्ता कोनता हाय?" तिनं कमरेवर हात ठेवून खाली उताराकडे पाहिलं. "आल्यावर आधी दोन थोबाडीत मारीन. मंग इचारीन काय इचारायचं ते."

झमकूबाईची पावलं त्या ऊन तुकड्यापासून वीस हातांवर होती.

*

घरी आली तेव्हा अप्पा अंगणात खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. ऋजुतानं चपला काढल्या नाहीत. तिथंच उभं राहून विचारलं.

"अप्पा, एक्केचाळीसच्या मोरीत कोण आहे?"

"मेरसिंग," अप्पा म्हणाले.

नाव इतक्या पटकन आलं की दोघंही दचकले. जणू बारा वर्षं ते जिभेच्या टोकावरच होतं आणि कुणी विचारायचीच वाट बघत होतं. अप्पांनी चष्मा घातला, काढला, परत घातला.

मग ते सांगू लागले. एप्रिल होता. सकाळचे अकरा. उजव्या खणात मेरसिंग एकटाच साचे काढत होता. खणाचं मागचं तोंड फळ्यांनी बंद होतं. वरून भराव घसरला आणि पुढचं तोंड बुजलं. दोन मिनिटांत सगळं झालं. दुसऱ्या दिवशी मंत्र्यांची गाडी त्या टप्प्यावरून जायची होती. प्रकल्प व्यवस्थापक आला. म्हणाला, ढिगारा उपसायला दोन दिवस लागतील, वरचा डोंगर अजून सुटतोय, उपसायला गेलो तर आणखी चार जण जातील. तो गेलाच असणार. खण काँक्रीटनं भरून टाका.

"आणि तुम्ही?"

"मी हाका मारल्या. तीनदा. जनरेटर चालू होता, रोलर चालू होता. मी जनरेटर बंद करा म्हटलं नाही, ऋजू. का नाही म्हटलं ते मला आजही कळत नाही. उत्तर आलं नाही तेव्हा मला..." ते थांबले. "मला सुटल्यासारखं वाटलं. मग मी काँक्रीटच्या चिठ्ठीवर सही केली. बारा वाजता ओतायला सुरुवात झाली. एकाच्या आत मी साइट सोडली."

"त्याची बायको तुमच्याकडे आली नव्हती?"

"आली होती. दोनदा. मी आत बसून राहिलो. तुझ्या आईनं तिला चहा दिला."

आईला जाऊन चार वर्षं झाली होती. तिला माहीत होतं का, हे ऋजुतानं विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

"लगेच गेला असेल तो," अप्पा म्हणाले. "भराव अंगावर आला की माणूस लगेच जातो. मी पुष्कळ पाहिलेत."

ती आत गेली आणि न्हाणीघराचं दार लावून नळ सोडून बसली. तिच्या डोळ्यांपुढं सारखे तेच फोटो येत होते, पिवळं शिरस्त्राण, अर्धा कापलेला डोंगर. त्या डोंगरातूनच तर भराव सुटला होता. फोटो आधीचा की नंतरचा, हे तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी ती अहवाल घेऊन कुलथ्यांकडे गेली. त्यांनी तो पूर्ण वाचला. माणूस वाईट नव्हता; चेहरा उतरला त्यांचा.

"समिती पंधरा दिवसांवर आलीय," ते म्हणाले. "हा देशातला सगळ्यात चांगला तुकडा म्हणून आपण जगाला सांगितलंय. तो फोडायचा? आणि यात तुमच्या वडिलांचं नाव येणार. तुम्ही विचार केलाय का? बारा वर्षं झाली. त्या बाईचं आयुष्य लागलं मार्गाला. कुणाचं भलं होणार आहे?"

"सर, अकरा महामार्ग तुम्ही याच्यासारखे करणार आहात. मिश्रणात वेगळं काय पडलं ते शोधा म्हणालात. मी शोधलं. आता ते सगळीकडे घालणार का?"

कुलथ्यांनी फाइल मिटली. मग ती ऋजुताकडे सरकवली. "पोलिसांत तुम्ही जा. मी अडवणार नाही. सोबतही येणार नाही."

ती संध्याकाळी घरी पोचली तर अप्पा आधीच ठाण्यात जाऊन आले होते. रिक्षा करून, एकटे. जबाबाची प्रत टेबलावर होती. त्यांचं अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य होतं.

*

मोरी फोडायला दोन दिवस लागले. एका बाजूची वाहतूक बंद केली होती. पोलीस, तहसीलदार, डॉक्टर, नाफडे बाई, सगळे हजर होते. तांड्यावरची वीस-पंचवीस माणसं उतारावर उन्हात बसून होती. त्यांच्यात झमकूबाई होती. ऋजुतानं तिला आधीच सगळं सांगितलं होतं, वडिलांचं नावसुद्धा. झमकूबाईनं ऐकून घेतलं होतं आणि एकही प्रश्न न विचारता उरलेल्या झाडांना पाणी घातलं होतं.

भिंत करवतीनं कापली. चौकोनी तुकडा बाहेर ओढला तेव्हा आतून उबदार, दमट हवा आली. वास कसलाच नव्हता. नाफडे बाईंनी आत दिवा धरला आणि "अरे देवा" म्हणून मागं सरल्या.

आत एक पांढरी खोली होती. खण पूर्ण भरला गेलाच नव्हता. घसरलेल्या भरावावरून आत उतरलेलं काँक्रीट तोंडाशी भिंतीसारखं अडलं होतं आणि मागं पोकळी उरली होती, माणूस बसेल एवढी. बारा वर्षांत भिंतीतले जिवाणू त्या ओलाव्यात जागे झाले होते, जे मिळालं त्याच्यावर जगले होते आणि सगळ्या पोकळीला त्यांनी चुन्याचं अस्तर लावलं होतं, चुनखडीच्या गुहेत असतं तसं चमकणारं. कोपऱ्यात मेरसिंग बसलेला होता. पाय पोटाशी, पाठ भिंतीला. हाडांवरही चुन्याचं पातळ, नितळ कवच. अंगावर भराव नव्हताच. कवटीला, बरगड्यांना कुठं मार नव्हता.

ऋजुतानं नजर वळवली आणि ती नेमकी कापून काढलेल्या तुकड्यावर पडली. तुकडा उलटा टेकून ठेवला होता, आतली बाजू वर. तिच्यावर पांढऱ्या रेषा होत्या. बारीक, समांतर. एकीकडे चार, शेजारी चार, खाली पुन्हा चार, परत, परत. आधी तिला वाटलं भेगा आहेत. मग तिनं आपला हात नकळत हवेत तसा धरला, बोटं वाकवून, आणि तिला समजलं.

तिनं शिकलेलं सगळं त्या क्षणी तिच्या विरुद्ध उभं राहिलं. उन्हाळ्यात काँक्रीट लवकर आळू नये म्हणून त्यात रसायन घालतात. ते चार तास ओलं राहतं. ओल्या काँक्रीटवर बोटं ओढली तर ओरखडा मिटून जातो. पूर्ण घट्ट झाल्यावर नख लागत नाही. ओरखडा टिकतो तो फक्त मधल्या अर्ध्यापाऊण तासात, आळायला लागल्यावर. म्हणजे काँक्रीट ओतल्यावर चार तासांनी तो जिवंत होता. हात चालत होते. त्याआधीचे सगळे ओरखडे मिटून गेले होते, ते किती होते कुणाला कळणार नव्हतं. आणि हे जे उरले, त्यांना भेगा समजून रस्त्यानं चुन्यानं भरून टाकलं होतं. त्याला तेवढंच येत होतं.

"बाई."

झमकूबाई शेजारी उभी होती. पोलिसानं अडवायला हात पुढं केला, तिनं तो बाजूला केला. ती आत पाहत होती. पुष्कळ वेळ पाहत राहिली.

"बाई, खरं सांगा. लगेच गेला का माहा मालक?"

होय म्हणणं फार सोपं होतं. डॉक्टर तसं म्हणाले असते, तहसीलदार म्हणाले असते. उतारावर बसलेल्या सगळ्यांना तेच हवं होतं. पण बारा वर्षं या बाईला सगळ्यांनी सोपं तेच सांगितलं होतं.

"नाही," ऋजुता म्हणाली. "काँक्रीट ओतल्यावर चार तास तरी होता. जास्तही असेल."

झमकूबाईनं त्या तुकड्यावरच्या रेषांवरून हात फिरवला, एकेक करून, जणू मोजत होती.

"म्हंजे पळाला नव्हता," ती म्हणाली. आणि मग तिथंच बसून तिनं जो टाहो फोडला तो समोरच्या डोंगरावरून परत आला.

*

हाडं ताब्यात मिळायला महिना गेला. त्यानंतर एका सकाळी झमकूबाई ऋजुताच्या घरी आली. अप्पा जामिनावर होते. दार त्यांनीच उघडलं. झमकूबाई उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

"साहेब, उद्या मालकाची माती हाय. तुमी या तांड्यावर. सगळ्याईसमोर सांगा, तो पळाला नव्हता म्हनून. कंपनीचा कोनी येनार नाही. तुमी सही केली होती, तुमीच सांगा."

अप्पांनी होकाराची मान हलवली. दुसऱ्या दिवशी ऋजुता सोबत गेली. तांड्यावर लिंबाच्या झाडाखाली माणसं गोळा झाली होती. अप्पा काठी टेकत मधे उभे राहिले. आवाज लहान होता, पण अडखळला नाही. मेरसिंग राठोड कामावर होता, ते म्हणाले. कुणाला घेऊन कुठं पळाला नव्हता. ती अफवा कंपनीनं उठवली आणि मी गप्प बसलो. मी त्याला मेलेला समजलो.

"मेलेला समजले," झमकूबाई म्हणाली. ती रागावलेली नव्हती. राग परवडला असता. "चार तास जित्ता होता, साहेब. तुमच्या पोरीनं सांगलं मले. तुमाले नाही सांगलं का?"

अप्पांनी ऋजुताकडे पाहिलं. महिनाभर ती हेच टाळत आली होती. जबाबात नव्हतं, वकिलाला तिनं सांगितलं होतं, कोर्टात येणारच होतं, पण घरात तिच्या तोंडून निघालं नव्हतं. तिनं मान खाली घातली. अप्पांना तेवढं पुरलं. काठी हातातून सुटली आणि ते जमिनीवर बसले, दोन्ही हात समोर मातीत टेकून. कुणी त्यांना मारलं नाही, कुणी उठवलंही नाही. माणसं मेरसिंगला घेऊन गेली, तरी ते तसेच बसून होते. शेवटी झमकूबाईच्याच सांगण्यावरून एका म्हातारीनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

खटला अजून चालू आहे. प्रकल्प व्यवस्थापक परदेशात आहे म्हणतात. अप्पा जिवंत आहेत, पण बोलणं जवळजवळ संपलंय. घरात कुठलंही यंत्र सुरू असलं, मिक्सर असो की पंखा, की ते उठून बंद करतात आणि उभे राहून कान देतात. ऋजुता आता मिक्सर लावत नाही, पाट्यावर वाटते. त्यांच्याशी ती पूर्वीसारखी बोलू शकत नाही आणि त्यांना सोडूनही जाऊ शकत नाही.

मोरी साध्या काँक्रीटनं नव्यानं बांधली. समिती आलीच नाही. झमकूबाईनं आपण होऊन बदली मागितली आणि ती वरच्या टप्प्यावर गेली.

दिवाळीनंतर एका दुपारी ऋजुता ऑफिसात एकटी होती. राज्यात आता असे सात हजार किलोमीटर रस्ते झाले होते आणि सगळ्यांच्या काचतंतूच्या नोंदी एकाच ठिकाणी जमत होत्या. तिला त्या बघायचा अधिकार होता. आजवर तिनं फक्त आपले शहाण्णव किलोमीटर पाहिले होते. तिनं संगणकाला विचारलं: जे तुकडे खाऊ घातलेलं घेत नाहीत, आणि तरी बुजतात, आणि पहाटे अर्धा अंश ऊन असतात, असे किती?

उत्तर यायला चहा निवण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. पडद्यावर राज्याचा नकाशा आला आणि त्याच्यावर एकेक ठिपका उमटू लागला. कोकणात दोन. नगरकडे एक. गडचिरोलीच्या रस्त्यावर एकामागोमाग तीन. ठिपके थांबले तेव्हा ते सतरा होते. त्यांतल्या काहींच्या पुढं शेरा होता: उत्कृष्ट काम.

ती उठून खिडकीपाशी गेली. खाली महामार्गावरून ट्रक ओळीनं चालले होते. काही वेळानं ती परत आली, पहिल्या ठिपक्याच्या विभागाचा नंबर शोधला आणि लावला. एका वयस्क अभियंत्यानं फोन उचलला. तिनं आपलं नाव आणि हुद्दा सांगितला, आणि किलोमीटरचा आकडा सांगितला.

"साहेब, एकच विचारायचं होतं," ती म्हणाली. "या ठिकाणी काम चालू असताना तुमच्याकडचा कुणी मजूर पळून गेला होता का?"

पलीकडे खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

"थांबा," तो माणूस म्हणाला. "दार लावून घेतो."